हायड्रोजनच्या जागी

एप्रिल अर्धा सरला की एमएस्सीच्या प्रॅक्टिकल परीक्षा लागतात आणि बाह्य परीक्षक म्हणून माझी धुळे-जळगाव ये-जा सुरू होते. यंदाही ऑर्डर आली. सकाळच्या एसटीत बसले तर रेक्झिनची सीट आत्ताच तापलेली. खिडकीतून येणारं वारं तोंडावर घ्यावं की काच ओढून घामात बसावं, हे पारोळा येईपर्यंत ठरत नाही. रस्ता आता रुंद झालाय, कडेची निंबाची झाडं गेली. उरल्यासुरल्या बाभळींवर हिवाळ्यात गेलेल्या कापसाच्या गाड्यांतला कापूस अजून चिकटून असतो, मळलेला, काळपट. केळीचा एखादा ट्रक बाजूने जातो आणि त्याच्या हिरव्या ओल्या वासाने क्षणभर बरं वाटतं. मग परत डांबर.

जळगावला पोचून लॅबमध्ये पंख्याखाली बसते आणि समोर एकेक मूल येऊन उभं राहतं. प्रत्येक बॅचला मी एक प्रश्न विचारतेच. साध्या अ‍ॅनिलिनच्या कड्यावर ट्रायफ्लुरोमिथाइल गट बसवला तर काय फरक पडेल? उत्तर तयार असतं. "मॅडम, तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग नायट्रोजनकडे द्यायला काही राहत नाही." बरोबर आहे. मी मार्क देते. पुढचं मूल येतं, तेच सांगतं, त्यालाही मार्क देते. दुपारपर्यंत डोळे चुरचुरायला लागतात. शिपाई चहा आणतो. "मॅडम, दमल्या वाटतं," म्हणतो. मी "ऊन हो," म्हणते.

ऊन असतंच. जळगावचं ऊन कुणाला सोडत नाही. पण या दिवसांत मला जे दमवतं ते जुनं आहे. काही वर्षांपूर्वी असाच एक उन्हाळा गेला, आणि दर एप्रिलला तो माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसतो.

तेव्हा मी धुळ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते आणि जळगावला पीएचडी करत होते. वय चाळिशीच्या दारात. वर्षभर तास, पेपर तपासणी, घर. संशोधनाला मिळायची ती फक्त उन्हाळ्याची सुट्टी. आमच्या गाईड सरांनी त्या वर्षी स्पष्ट सांगितलं होतं, "शोभाताई, ही सुट्टी आणि पुढचं एक वर्ष, एवढंच हातात आहे. मुदतवाढ आता मिळायची नाही." माझे पती सुनील नरडाण्याला एका कारखान्यात बॉयलरवर. शिफ्टची नोकरी. आणि त्या मार्चमध्ये माझ्या सासूबाईंच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली.

त्यांना सगळे अक्का म्हणायचे, मीही अक्काच म्हणत असे. पारोळ्याजवळच्या एका खेड्यात त्या एकट्या राहायच्या. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर लहान, दारात एक म्हैस, तिच्यावर त्यांचा जीव. आमचं दोघींचं भांडण असं कधी झालं नाही, पण प्रेम होतं असंही मी म्हणणार नाही. माझ्या शिकण्याचं त्यांना कोडं होतं. एकदा दिवाळीत पणत्या लावता लावता म्हणाल्या होत्या, "केस पिकी गयात तुन्हा, आते कसाले शिकस? गावमा बाया इचारतस, तुन्ही सून काय करस? मी काय सांगू त्यास्ले?" मी हसून विषय टाळला. खरं तर मलाही चार शब्दांत सांगता आलं नसतं.

ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, वय पाहता एकच औषध देऊ, पण दर आठवड्याला, उन्हाळाभर. दवाखाना जळगावला. सुनीलची रजा ऑपरेशनमध्येच संपली होती. म्हणजे नेणं-आणणं माझ्याकडे आलं. तसं कुणी मला म्हटलं नाही. तेवढाच एक मार्ग होता. म्हैस शेजारणीकडे बांधून अक्का धुळ्याला आमच्याकडे आल्या, आणि दर बुधवारी आम्ही दोघी सकाळची एसटी धरू लागलो. त्या खिडकीशी, डोक्यावरून पदर, वर पांढरा पंचा गुंडाळलेला. मी शेजारी, मांडीवर डबा आणि लॅबची पिशवी.

पहिल्या दिवशी सिस्टरने सलाइन लावलं आणि औषधाची छोटी बाटली ट्रेमध्ये ठेवली. मी सवयीने लेबल वाचलं. फ्लुरोयुरॅसिल. पुस्तकात शेकडो वेळा वाचलेलं नाव. माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात ते होतं. पानावर वाचलेलं ते नाव आता घरच्या माणसाच्या हातापाशी, ट्रेमध्ये होतं. मला एकदम पाणी प्यावंसं वाटलं.

"काय वाचस?" अक्कांनी विचारलं.

"औषधाचं नाव. यात फ्लोरिन आहे, अक्का. मी लॅबमध्ये ज्यावर काम करते ना, तेच."

"म्हंजे हाई तू बनाडं?"

"नाही हो. फार जुनं औषध आहे हे."

"तं मंग तू काय करस तठे रोज?"

सिस्टर हसली. मीही हसले. मग सिस्टरने एका वाटीत बर्फाचे खडे आणून दिले आणि सांगितलं, "आजी, औषध जाईपर्यंत हे तोंडात चघळत राहा. तोंड गार राहिलं की औषध तिकडे कमी जातं, फोड कमी येतात." बाहेर उन्हाने रस्ता पांढरा झालेला, वॉर्डातला कूलर घरघरतोय, आणि आमच्या अक्का गालात बर्फ धरून बसलेल्या. एक गाल फुगलेला. मला म्हणाल्या, "बरफ खावाले इतलं लांब येतस आपन."

येताना बसमध्ये त्यांनी परत विचारलं की ते औषध करतं तरी काय. विचारायचा त्यांचा सूर चौकशीचा नव्हता. वेळ जावा म्हणून विचारत होत्या. पण मी सांगितलं. शरीरातली प्रत्येक पेशी नवी पेशी तयार करते, त्याला सामान लागतं. त्यातलं एक म्हणजे युरॅसिल. या औषधात त्या युरॅसिलचा एक हायड्रोजन काढून त्याच्या जागी फ्लोरिन बसवलाय. फ्लोरिन लहान असतो, हायड्रोजनपेक्षा थोडाच मोठा, त्यामुळे पेशीला फरक कळत नाही. ती आपलंच सामान समजून घेते. पुढे ज्या यंत्रणेने त्यावर काम करायचं, ती त्याला धरते, काम सुरू करते, आणि शेवटी तिला त्या जागचा हायड्रोजन काढून टाकायचा असतो. तिथे असतो फ्लोरिन. तो निघत नाही. मग यंत्रणेचा हात तिथेच अडकतो. ना काम पुरं होतं, ना हात सुटतो. नवी पेशी बनत नाही.

अक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आनि चांगलास्ले भी धरस का?"

"हो. ज्या लवकर लवकर वाढतात त्या सगळ्यांना. तोंडातल्या, पोटातल्या."

"हां," एवढंच म्हणून त्या बाहेर पाहत राहिल्या.

दवाखान्यात त्यांना झोपवून, सलाइन सुरू झालं की मी रिक्षाने लॅबमध्ये जायची आणि दुपारी परत. त्या तासांचं मला आजही नीट वर्णन करता येत नाही. लॅबमध्ये असताना वाटायचं दवाखान्यात असायला हवं, आणि दवाखान्यात स्टुलावर बसलं की फ्लास्क डोळ्यांसमोर यायचा. काम तर हलतच नव्हतं. साधं अ‍ॅनिलिन आणि एक अल्डिहाइड सकाळी एकत्र ठेवावं, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम झालेलं असतं. पण मी घेतलेल्या अ‍ॅनिलिनवर तो ट्रायफ्लुरोमिथाइल गट होता. तीन फ्लोरिन, तिन्ही आपल्याकडे ओढणारे. कड्यातले इलेक्ट्रॉन तिकडे ओढले जायचे आणि दुसऱ्या टोकाचा नायट्रोजन रिकाम्या हाताने बसून राहायचा. काम झालं का ते बघायला दर खेपेला मिश्रणाचा थेंब लावलेली प्लेट यूव्ही दिव्याखाली धरली की जुने ठिपके होते तिथेच. वीज जायची, थंड पाण्याचा पंप बंद पडायचा, ढवळणारं चुंबक फ्लास्कच्या तळाशी गप्प बसायचं. सर दारातून डोकावून विचारायचे, "काय म्हणतंय?" मी मान हलवायची. तेही हलवायचे.

मुलं आता तोंडी परीक्षेत जे एका वाक्यात सांगतात ते मला त्या उन्हाळ्यात रोज दिसत होतं. वाक्य सोपं आहे. रोज संध्याकाळी तोच न बदललेला ठिपका बघून पिशवी उचलायची, हे कुठल्या वाक्यात येत नाही.

मेमध्ये अक्कांचं तोंड आलं. बर्फ चघळूनही आलं. आधी जिभेच्या कडेला, मग गालांत, मग घशापर्यंत. "बठ्ठं तोंड आयेल शे," सगळंच तोंड आलंय, असं त्या बोटाने दाखवायच्या, बोलायचं टाळायच्या. ज्या बाईने आयुष्यभर ठेचा आणि कळण्याची भाकरी खाल्ली, ती ताकभात गिळताना डोळे मिटून घ्यायची. मी केळं कुस्करून दुधात कालवायची. तेही झोंबायचं. जुलाब व्हायचे. तळहात काळे पडले. एक दिवस त्या ते तळहात माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "दख, म्हशीमांगे राबीसन भी इतला काया नव्हतात."

डॉक्टरांनी एक आठवडा थांबवलं, मग डोस कमी करून परत सुरू केलं. ते म्हणाले, पुरं केलेलं बरं. त्यांचंही बरोबर होतं. सुनील शिफ्टवरून आला की आईच्या खाटेशी बसायचा, तिच्या पायाला हात लावायचा आणि मग स्वयंपाकघरात येऊन मला विचारायचा, "तू केमिस्ट्रीची. तू सांग. चालू ठेवायचं का?"

मी लॅबमध्ये त्यावरचे लेख काढून वाचले. त्यात इतक्या जणांपैकी इतके, असं असतं. आमच्या अक्का त्यातल्या कोणत्या, ते कुठे दिसत नाही. फ्लोरिन कुठल्या जागी बसतो, कशाला धरतो, का सुटत नाही, हे मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकले असते. पण सत्तरीच्या पुढच्या एका दमलेल्या बाईने उद्या परत एसटीत बसायचं की नाही, हे त्या आकृतीत नव्हतं. मी सुनीलला म्हणायची, "डॉक्टर म्हणतात तसं करू." तो म्हणायचा, "बरं." आणि आम्ही दोघं भांडी आवरायचो.

जून लागायच्या आधीचा एक बुधवार. आभाळात नुसती धूळ, पावसाचं नाव नाही. इंजेक्शन घेऊन आम्ही दुपारच्या गाडीने परत येत होतो. अक्का सबंध रस्ता डोळे मिटून होत्या. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली आणि त्या उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्यांना बाथरूमला जायचं असेल.

"मी आठेच उतरस," त्या म्हणाल्या.

"अक्का, धुळं यायचंय अजून."

"माले माहीत शे. मन्हं गाव आठे शे."

कंडक्टर मागे वळला. "मावशी, उतरता का? गाडी सोडू?"

मी त्यांचा हात धरला. हात किती हलका झाला होता. त्या माझ्याकडे बघून हळू, एकेक शब्द तोंडात सांभाळत बोलल्या. "पुढला बुधवारले मी येवाव नही. डॉक्टरले सांगी दे."

"आपण सुनीलना विचारू. फोन लावते."

"त्याले नको इचारू. तो रडी. तू रडस नही, म्हनीसन तुले सांगस."

गाडीतली माणसं बघत होती. मागे कुणी तरी म्हणालं, "उतरू द्या ना आजीला." मी पिशव्या उचलल्या. दोघी उतरलो. गाडी धूळ उडवत गेली आणि स्टँडच्या पत्र्याखाली आम्ही उभ्या राहिलो. अक्कांनी पंचा सारखा केला. मी रडले नाही. त्यांना माझ्याबद्दल ते कसं माहीत होतं, आणि ते कौतुकाने म्हणाल्या की तक्रारीने, ते मी विचारलं नाही.

रिक्षाने गावात गेलो. कुलूप उघडलं, मी घर झाडलं, चूल पेटवली. शेजारीण म्हैस घेऊन आली तेव्हा अक्का ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि म्हशीने त्यांच्या काळ्या तळहाताला नाक लावलं. मग मी सुनीलला फोन केला.

"तू तिला उतरू दिलंस?" तो म्हणाला. मग परत म्हणाला, "तू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो थेट कंपनीतून, रात्रपाळीच्या कपड्यांवर आला. आईला खूप विनवलं. डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. अक्कांनी सगळं ऐकलं आणि त्याला म्हणाल्या, "भाऊ, चहा पी ले." आमच्याकडे मुलाला भाऊ म्हणतात. तो चहा पीत रडला. त्यांनी सांगितलं होतं तसंच.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला वाटायचं. सुनील कामापुरतं बोलायचा. भाजी काय आणू, गॅस संपला का, तुझी गाडी किती वाजता. दर सुट्टीला तो गावी जायचा, मला "येतेस का" म्हणायचा नाही. मी आपली पिशवी घेऊन निघायची, तर नकोही म्हणायचा नाही. गाडीत शेजारी बसून जायचो दोघं.

जूनच्या शेवटी, कॉलेज सुरू व्हायच्या तोंडावर, सरांनी एक साधी गोष्ट सुचवली. गट अ‍ॅनिलिनवर ठेवू नका, अल्डिहाइडवर ठेवून बघा. मी तसं केलं. तोच ट्रायफ्लुरोमिथाइल गट, पण आता दुसऱ्या जोडीदाराच्या अंगावर. ओढायचा तसाच ओढत होता, पण त्या ओढीने अल्डिहाइडचा कार्बन उपाशी झाला आणि समोरच्या साध्या नायट्रोजनने दिलं ते त्याने लगेच घेतलं. फ्लास्कमध्ये बघता बघता स्फटिक धरले. दिव्याखाली प्लेट धरली तर जुना ठिपका नव्हता. वर नवा होता. लॅबमध्ये मी एकटीच होते. हे कुणाला सांगावं असं मनात आलं आणि पहिलं नाव आलं ते अक्कांचं, याचं माझं मलाच नवल वाटलं.

पुढच्या रविवारी गावी गेले तेव्हा त्या कांदा चिरत होत्या. औषध थांबल्यावर तोंड भरून आलं होतं. तोंडातली कातडी लवकर वाढते म्हणून औषधाने आधी सोलते, आणि लवकर वाढते म्हणूनच आधी भरते. मी सांगितलं, "अक्का, एक रिअ‍ॅक्शन झाली."

"बठ्ठं झायं?"

"नाही. एकच."

"बठ्ठं कधी व्हई?"

"वर्ष तरी लागेल."

"मंग कर," त्या म्हणाल्या आणि कांद्याची ताटली माझ्याकडे सरकवली.

पावसाळा त्यांनी चांगला काढला. कापूस वेचायला शेजाऱ्यांच्या शेतात नुसत्या जाऊन बसायच्या. भरिताच्या दिवसांत आम्ही सगळे होतो, वांगी तुराट्यांवर भाजली, त्यांनी दोनदा मागून खाल्लं. मग थंडी सरता सरता पोट फुगू लागलं, डोळे पिवळे झाले, आणि पुढचा उन्हाळा लागायच्या आत त्या गेल्या. घरीच गेल्या, दुपारी. सुनील उशाशी होता, मी पायाशी.

औषध पुरं केलं असतं तर? मी नंतर एकदा त्याच डॉक्टरांना भेटून विचारलं. ते पेन फिरवत म्हणाले, "मॅडम, सांगता येत नाही." त्यांच्या चेहऱ्यावर जो शीण होता तो मी ओळखला.

माझी पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा त्यानंतर झाली. सुनील इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसला होता. परीक्षकांनी विचारलं, तुमच्या या विषयाचा माणसाला उपयोग काय? मी फ्लुरोयुरॅसिलचं उदाहरण दिलं. हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवला की काय होतं, ते फळ्यावर काढून दाखवलं. मग त्यांनी विचारलं, आणि आजारी पेशी कोणती, निरोगी कोणती, हे त्याला कळतं? मी म्हटलं, "नाही, सर. त्याला ते कळत नाही." त्यांनी कागदावर सही केली. टाळ्या झाल्या, पेढे वाटले.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणं झाली होती. पडदे ओढलेले, कूलर लावलेला. सुनील ताटावरून उठला नाही. खरकट्या हातानेच बसून राहिला आणि म्हणाला, "तू तिथं फळ्यावर काढलंस ना, ते मला परत सांग."

मी कॅलेंडरचं मागचं पान फाडून आणलं. सहा कोपऱ्यांचं कडं काढलं, हायड्रोजन दाखवला, तो खोडून तिथे फ्लोरिन लिहिला. कोण येऊन धरतं, कुठे अडकतं, ते सांगितलं. आयुष्यभर बॉयलरचे व्हॉल्व्ह हाताळलेला माणूस, लक्ष देऊन ऐकत होता. मध्ये एकदा त्याने कोरड्या हाताचं बोट त्या फ्लोरिनवर ठेवलं.

"हे सगळं तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी काय करायचं ते कळत नव्हतं?"

"नव्हतं."

तो कागदाकडे बघत राहिला. हातावरचं वरण वाळून गेलं होतं.

"मलाही नव्हतं कळत," तो म्हणाला. मग उठून त्याने माझंही ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.